भाऊजींचा चहा आणि माझं उजवं हृदय

मानेतून घातलेली नळी हृदयाच्या उजव्या बाजूला पोचली आणि हृदय माझं ऐकेनासं झालं. पत्र्यावर मूठभर वाटाणे टाकावेत तसे ठोके पडायला लागले. मी टेबलावर उताणी होते, अंगावर कापड, तोंड डावीकडे वळवलेलं. मी पूर्ण शुद्धीत होते. या तपासणीत झोपवत नाहीत, मानेपाशी सुई देऊन तेवढीच जागा बधिर करतात.

तोवर डॉक्टर हेलन माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत होती. ती मधेच गप्प झाली. मग खोलीतले सगळेच गप्प झाले. दवाखान्यात डॉक्टर बोलत असेल तोवर घाबरू नये, गप्प झाली की समजावं.

"शांता, अजिबात हलू नका," ती म्हणाली. "नळी थोडी मागे घेतेय."

मी डोळे उघडे ठेवले. मिटले असते तर परत उघडले नसते असं वाटलं म्हणून. छताला चौकोनी पत्रे होते, त्यातला एक नीट बसला नव्हता, त्याच्याकडे बघत राहिले. हळूहळू ठोके जागेवर आले. मग एक बाई आकडे वाचायला लागली आणि दुसरी तेच आकडे परत म्हणायला लागली. मला इंग्रजी बेताचं येतं, पण आकडे कळतात. आकडे चांगले आहेत की वाईट ते मात्र कळत नव्हतं. ते मी डॉक्टरच्या कपाळावर वाचलं.

नळी काढून मानेवर बोट दाबून धरत ती म्हणाली, "तुमच्या हृदयाची उजवी बाजू थकली आहे. फार थकली आहे. अशा हृदयावर सर्जन फुफ्फुसातल्या रक्ताच्या गाठी काढायचं ऑपरेशन करणार नाहीत. आधी तिला सावरायला हवं. सावरली नाही, तर ऑपरेशन नाही."

एवढंच होतं सगळं. उजवी बाजू सावरते की नाही. पुढे जे घडलं ते याच एका गोष्टीभोवती घडलं. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांच्यासाठी लिहिते आहे. मी चौथी शिकले आहे. डॉक्टरी मला कळत नाही, माझ्या अंगावर जे झालं ते कळतं.

सुरुवात जिन्यापासून झाली. लंडनच्या कडेला इल्फर्डला आमचं घर दोन मजली आहे, निजायच्या खोल्या वर. धुतलेले कपडे वर नेताना मधल्या पायरीवर थांबावं लागायला लागलं. वय झालं म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग भाजी आणायला जाताना दुकानांच्या काचांपुढे थांबायला लागले, काही बघायचं नसताना. जीपीनं, म्हणजे इथल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरनं, दमा म्हणून फवारा दिला. त्यानं खोकला तेवढा आला. दुसऱ्या जीपीनं रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. पाय सुजायला लागले तेव्हा मी चपला बदलल्या. एक दिवस स्वयंपाकघरात भाकरी उलटताना डोळ्यांपुढे अंधार आला आणि मी खाली बसले ती उठलेच नाही. नात आर्या घरून काम करत होती म्हणून वाचले. ती इथल्या कौन्सिलमध्ये, म्हणजे नगरपालिकेत, नोकरीला आहे.

मग तपासण्या लागल्या. त्यांची भीती बाळगू नका, पण काय काय होतं ते माहीत असावं.

एको, म्हणजे छातीवर गार जेल लावून यंत्र फिरवतात आणि पडद्यावर हृदय दिसतं. हृदयाच्या दोन बाजू असतात. डावी बाजू सगळ्या अंगाला रक्त पाठवते. उजवी फक्त फुफ्फुसाला पाठवते, म्हणून तिच्या भिंती पातळ, तिचं काम हलकं. माझ्या फुफ्फुसातल्या रक्ताच्या नळ्यांमध्ये जुन्या गाठी अडकून सुकल्या होत्या. पाइपमध्ये क्षार धरतात तशा. उजव्या बाजूला रोज बंद दारावर धक्के मारावे लागत होते. ती फुगली होती आणि डाव्या बाजूला भिंतीशी रेटत होती. पडद्यावर मलासुद्धा ते दिसलं. या आजाराला पल्मनरी हायपरटेन्शन म्हणतात, म्हणजे फुफ्फुसातल्या नळ्यांमध्ये रक्ताचा दाब वाढणं. दंडाला पट्टा बांधून मोजतात तो दाब वेगळा. माझा तो अगदी चांगला होता, म्हणूनच इतके दिवस कुणाला शंका आली नाही.

प्रोबीएनपी नावाची रक्ताची तपासणी होते. हृदयावर ताण आला की ते रक्तात एक पदार्थ सोडतं, तो मोजतात. सहा मिनिटं चालण्याची एक तपासणी असते. तिथं मी शहाणपणा केला. आपल्या चालीनं चाला म्हणाले होते. मी मात्र दाखवून द्यायला झपाझप निघाले आणि अर्ध्यात भिंत धरली. तुम्ही असं करू नका. तिथं कुणी बक्षीस देत नाही.

आणि शेवटी ती मानेतून नळी घालायची तपासणी, राइट हार्ट कॅथेटर. बाकी तपासण्या बाहेरून अंदाज घेतात. ही आत जाऊन उजव्या बाजूचा दाब मोजते आणि ती किती रक्त पुढे ढकलते ते सांगते. मघाशी सांगितली ती हीच.

त्यानंतर मला घरी सोडलंच नाही. लंडनमधल्या त्या दवाखान्यात वरच्या मजल्यावरच्या वॉर्डात ठेवलं. उजवी बाजू थकली की रक्त मागे तुंबतं आणि अंगात पाणी साठतं. पायात, पोटात, लिव्हरमध्ये. ते पाणी काढायला शिरेतून फ्युरोसेमाइड, म्हणजे लघवी करायला लावणारं औषध, सतत चालू केलं. दिवसाला दीड लिटरच्या वर काही प्यायचं नाही असं सांगितलं. रोज सकाळी वजन. वजन उतरलं म्हणजे पाणी निघालं, पाणी निघालं म्हणजे हृदयाला उसंत मिळाली. हिशेब सोपा होता.

शेजारच्या खाटेवर मॉरीन होती. रॉमफर्डची, माझ्याहून चार-दोन वर्षांनी लहान, शाळेत मुलांना जेवण वाढायचं काम केलेली. तिला माझाच आजार होता आणि तीही त्याच ऑपरेशनची वाट बघत होती. ती सगळं पाळायची. पाणी प्लास्टिकच्या मापातून प्यायची. सूपसुद्धा मापायची, कस्टर्डसुद्धा. गोळी गिळायला घेतलेला घोट दिवसाच्या हिशेबात धरायची. तिचं वजन उतरत होतं. माझं उतरत नव्हतं.

औषध वाढवलं. तरी उतरेना. एक दिवस तर चढलं. पायाच्या नडगीवर बोट दाबलं की खड्डा राहायचा आणि जेवण होईपर्यंत भरायचा नाही. डॉक्टर माझी मान बघायचे, तिथली शीर फुगून कानाच्या पाळीपर्यंत उडताना दिसायची. जेवण जाईना. माझ्या डोळ्यांत पिवळेपणा आला आहे असं सुनेनं मिलिंदला हळूच सांगितलेलं मी ऐकलं. मिलिंद माझा मुलगा, ब्रॅकनेलला कॉम्प्युटर कंपनीत आहे. तो संध्याकाळी दोन गाड्या बदलून यायचा, खाटेच्या पायाशी उभा राहायचा आणि मशीनकडे बघायचा. माझ्याकडे बघायचा नाही.

आता खरं कारण सांगते.

मला भेटायला माणसं यायची. आमची रविवारची बुद्धवंदना भाड्याच्या हॉलमध्ये होते. तिथली सगळी घरं मला ओळखतात, कारण नवीन कुणी या देशात आलं की पहिले काही दिवस त्यांचं जेवण माझ्याकडे असायचं. ती सगळी आली. आणि रिकाम्या हातानं कुणी आलं नाही. कुणी फ्लास्कमधून चहा, कुणी ताक, कुणी कुळथाचं कढण, एकीनं तर मटणाचा पातळ रस्सा आणला. किसनभाऊजी रोज यायचे. माझ्या मालकांबरोबर डॅगनमच्या मोटारीच्या कारखान्यात होते, मालक गेले तरी यांनी आमच्या घरी येणं सोडलं नाही. पंच्याऐंशीच्या पुढचं वय, बस आणि ट्रेन करून आलं घातलेला चहा घेऊन यायचे. आले की "जय भीम वहिनी" आणि लगेच झाकणात चहा ओतायचे.

मी प्यायचे. सगळ्यांचा प्यायचे. नर्स माझ्या टेबलावरचा पाण्याचा जग मोजायची, त्यातलं पाणी मी जवळजवळ शिवतच नव्हते. तिच्या हिशेबात मी गुणी पेशंट होते. मला समजत नव्हतं असं नाही. चहा पाण्याचाच होतो हे कळायला शाळा लागत नाही. पण आमच्यात कुणी पुढं केलेलं पाणी नाकारत नाहीत. तहान असो, नसो. ही रीत कुणी लिहिलेली नाही आणि कुणी मोडतही नाही.

मॉरीन बघत होती. एकदा माणसं गेल्यावर ती म्हणाली, "शांता डार्लिंग, तुझ्याकडे चहाची टपरी आहे की काय? मी इथं घोट मोजतेय आणि तू समुद्र पितेस." मी म्हटलं, तू तुझं बघ. ती म्हणाली, तेच बघतेय, तुझ्याआधी माझं ऑपरेशन होणार असं दिसतंय. आम्ही दोघी हसलो आणि हसताना दोघींना धाप लागली.

दर आठवड्याला डॉक्टरांची मीटिंग व्हायची. फुफ्फुसाचे, हृदयाचे, ऑपरेशन करणारे, सगळे बसून एकेका पेशंटचे फोटो आणि आकडे बघून ठरवायचे. त्या मीटिंगच्या आदल्या दिवशी डॉक्टर हेलन आली आणि खुर्ची ओढून बसली. डॉक्टर उभ्यानं बोलली तर ठीक असतं. बसली म्हणजे काहीतरी आहे.

आर्या जवळ होती. डॉक्टरनं तिच्याकडे बघून सांगायला सुरुवात केली. औषध भरपूर देऊनही पाणी निघत नाही. याचा अर्थ उजवी बाजू औषधाला दाद देत नाही. कदाचित ती सावरण्याच्या पलीकडे गेली आहे. उद्या मीटिंगमध्ये मी तेच सांगणार आहे, ती म्हणाली. ऑपरेशनचा विचार सोडून गोळ्यांवर ठेवू आणि त्रास कमी कसा होईल ते बघू.

आर्या माझ्याकडे वळली आणि तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आजी, डॉक्टर म्हणते तुझा हृदय थोडा वीक आहे. सध्या गोळ्या देणार."

मला मूळ बोलणं बरंचसं समजलं होतं. नातीनं त्यातलं मरण वगळलं होतं. पोरीचा दोष नाही, तिच्या तोंडी ते काम द्यायलाच नको होतं. दवाखान्यात मागितलं तर दुभाष्या फुकट मिळतो. मागून घ्या, लेकराला पुढे करू नका.

मी म्हटलं, "तिला सांग, मी पिते."

"काय पिते?"

"चहा. ताक. जो जे आणेल ते."

आर्यानं सांगितलं की आजी कधीमधी थोडा चहा घेते. मग मीच माझ्या इंग्रजीत बोलले. म्हटलं, नो लिटल. मच टी. एव्हरीबडी कम, एव्हरीबडी टी, आय ड्रिंक.

मॉरीन तिच्या खाटेवरून म्हणाली, "बकेटभर, डॉक्टर."

डॉक्टर हेलन रागावली नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं वाकून माझ्या नडगीवर बोट दाबून बघितलं. मग म्हणाली, "मी तुमच्या हृदयाबद्दल जो निष्कर्ष काढला तो चुकीचा असू शकतो. औषध हरलं असं मी समजत होते. औषधाला संधीच मिळाली नव्हती." आणि विचारलं, नाही का म्हणत नाही तुम्ही लोकांना?

आर्यानंही मराठीत तेच विचारलं. "हो आजी, नको म्हणायला काय होतं तुला?"

मग मी सांगितलं. घरात कधी बोलले नव्हते, बोलायची वेळ आली नव्हती. माझी आई गावात सुईण होती. मोठ्यामोठ्या घरांतली बाळं तिच्या हातांवर आली. ते हात त्यांना त्या वेळी चालायचे. पण त्या घरची माणसं आमच्या दारावरून जाताना आईनं पाणी विचारलं तर पुढे बघून चालायची. आई तरी विचारायची. प्रत्येकाला. ते नको म्हणायचे तेव्हा तिचं तोंड कसं व्हायचं ते मी बघितलेलं आहे. कुणाचं तोंड माझ्यामुळे तसं होऊ नये एवढंच मी आयुष्यभर पाळलं.

आर्यानं हे सगळं इंग्रजीत सांगितलं. या वेळी तिनं काही गाळलं नाही.

डॉक्टर उठली. म्हणाली, "मी उद्या तुमचं नाव मीटिंगमध्ये घेणार नाही. पुढच्या आठवड्यात घेईन. तोपर्यंत दीड लिटर म्हणजे दीड लिटर. कुणाचाही असो." दारापर्यंत जाऊन परत आली आणि म्हणाली, "हवं तर मी वॉर्डाला पाटी लावते, पाहुण्यांनी पेय आणू नये."

मी नको म्हटलं. पाटीनं सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती. माझं मला सांगायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी किसनभाऊजी आले. जय भीम झालं. कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावला, फ्लास्क काढला, झाकणात चहा ओतला. आल्याचा वास सगळ्या वॉर्डभर झाला. झाकण माझ्यापुढं धरलं. मॉरीननं मासिक खाली ठेवलं.

"नको, भाऊजी," मी म्हणाले.

"थोडा घ्या. साखर कमीच आहे."

"एक घोटही नको. आणि उद्यापासून आणू नका."

त्यांचा हात तसाच राहिला. मग जे तोंड मी कधी कुणाचं होऊ दिलं नव्हतं ते त्यांचं झालं. म्हणाले, "का हो वहिनी? बड्या दवाखान्यात आल्यावर आमच्या हातचं चालेना होय?" बोलले थट्टेच्या सुरात. थट्टा नव्हती ती.

"नाही चालत. तुमच्याच नाही, कुणाच्याच हातचं नाही. हृदयात पाणी मावत नाही माझ्या. एवढं साठलं आहे की डॉक्टरीण ऑपरेशन रद्द करायला निघाली होती. मी तुमच्या चहानं मरायला आले होते, भाऊजी. ते बोलायला तोंड उघडत नव्हतं, आज उघडलं."

ते चहाकडे बघत बसले. कोट घेऊन निघतील असं मला वाटलं, आणि निघाले असते तर मी हाक मारली नसती, कारण हाक मारली की चहा प्यावा लागला असता. मग त्यांनी झाकण स्वतःच्या तोंडाला लावलं आणि सावकाश, फुर्र आवाज करत सगळा चहा प्यायले.

"चांगला झालाय," ते म्हणाले. "तुमचं नशीब फुटकं."

"बरंय," मी म्हणाले.

ते नेहमीसारखे तासभर बसले. जाताना दारातून म्हणाले, "बाकीच्यांना मी सांगतो. तुम्ही बोलायची गरज नाही." आणि त्यांनी सांगितलं. कसं सांगितलं माहीत नाही, पण त्यानंतर माणसं आली ती फ्लास्क न घेता. एकदोघी आल्याच नाहीत. त्यांतली एक अजूनही माझ्याशी मोजून बोलते. हे लिहिते, कारण पथ्य पाळायला किंमत पडते हे डॉक्टर सांगत नाहीत.

मग तहान सुरू झाली. तिच्याबद्दल फार लिहीत नाही. जीभ टाळूला चिकटते, एवढंच. मॉरीननं मला बर्फाचा खडा गालात धरायला शिकवलं आणि तो मापात धरायलाही. रात्र आणि दिवस लघवीला जात राहिले. वजन उतरायला लागलं. आधी घोट्यांची हाडं दिसली, मग पोट मऊ झालं, मग एका सकाळी मी लापशी संपवली आणि नर्सनं डॉक्टरला फोन केला. पण वजन उतरणं म्हणजे हृदय सावरणं नव्हे, ते डॉक्टरनं मला स्पष्ट सांगितलं. पाणी निघाल्यावर आत कसलं हृदय उरलं आहे ते परत बघावं लागेल म्हणाली.

म्हणजे परत तेच टेबल आणि मानेत नळी.

या वेळी मला खरी भीती वाटली. पहिल्या वेळी माहीत नव्हतं म्हणून गेले होते. नळी आत शिरताना मी ठोके मोजायला गेले आणि मोजता येईना. डॉक्टर हेलन बोलत होती. मी तिला म्हटलं, गप्प बसू नकोस. ती म्हणाली, नाही बसत. आणि तिनं खरंच तोंड बंद केलं नाही. तिच्या कुत्र्यानं खाल्लेल्या सोफ्याची सगळी गोष्ट मला ऐकवली. मधे दोन ठोके चुकले, ती कुत्र्यावरच बोलत राहिली. मग आकडे आले. एक बाई वाचत होती, दुसरी परत म्हणत होती. उजव्या बाजूत मागे तुंबलेला दाब उतरला होता. फुफ्फुसातला दाब तेवढाच होता, तो गाठींमुळे होता आणि गाठी काढल्याशिवाय जाणार नव्हता. पण उजवी बाजू आता त्या दाबापुढे पहिल्यापेक्षा जास्त रक्त ढकलत होती. नंतर एमआरआय झालं, त्या बोगद्यात श्वास रोखून धरावा लागतो. त्यात तेच दिसलं. थकलेली आहे, मेलेली नाही.

मीटिंग झाली. ऑपरेशन करायचं ठरलं, मी हो म्हटलं तर.

मिलिंद नको म्हणत होता. त्यानं इंटरनेटवर सगळं वाचलं होतं. या ऑपरेशनमध्ये छाती उघडतात, अंग बर्फासारखं गार करतात आणि थोडा थोडा वेळ रक्ताचं फिरणं सगळंच थांबवून नळ्यांतून गाठी सोलून काढतात. तो म्हणाला, "आई, गोळ्या आहेत. आपण गोळ्यांवर राहू ना." त्याचं तोंड लहानपणी पडून आल्यावर व्हायचं तसं झालं होतं. मी त्याला सांगितलं की गोळ्यांवर तू राहणार नाहीस, मी राहणार आहे, आणि मला जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून मरायचं नाही. सर्जननं धोका लपवला नाही. म्हणाला, नळ्या साफ झाल्या तरी पहिले काही दिवस उजव्या बाजूवरच सगळं अवलंबून असतं. तिनं टिकाव धरला तर पेशंट टिकतो. तपासण्यांवरून अंदाज करतो आम्ही, खात्री देत नाही. मला तो माणूस आवडला. मी सही केली.

हे ऑपरेशन लंडनबाहेर दुसऱ्या दवाखान्यात होतं. मॉरीनला आणि मला पाठोपाठच्या तारखा मिळाल्या. तिची आधी. तिच्या उजव्या बाजूचे आकडे माझ्यापेक्षा चांगले होते, हे आम्हा दोघींना माहीत होतं, कारण आम्ही एकमेकींना सगळं सांगायचो. तिला नेण्याआधी मी तिच्या खोलीत गेले. ती केसांना टोपी घालून बसली होती. मी तिचा हात धरला. असलं मी सहसा करत नाही. ती म्हणाली, "बाहेर आल्यावर किटलीभर चहा पिणार आहे मी. न मापता. तुझ्या त्या भाऊजींना सांगून ठेव." मी म्हटलं सांगते. मग तिला घेऊन गेले.

माझ्या ऑपरेशनचं मला काहीच आठवत नाही, म्हणून लिहीत नाही. जाग आली तेव्हा घशात नळी होती आणि हात बांधलेले होते, ती उपटू नये म्हणून. हे आधी कुणी सांगितलेलं नसेल तर माणूस घाबरतो, म्हणून मी सांगून ठेवते. पहिले दिवस वाईट गेले. उजवी बाजू अडखळत होती, तिला आधार द्यायची औषधं वाढवत होते, कमी करत होते. नर्स एका माणसामागे एक, जागची हलायची नाही. कुणी काही विचारलं तर ती आधी पडद्याकडे बघायची, मग बोलायची. मिलिंद या वेळी माझ्याकडे बघत होता. मग एका सकाळी एक औषध बंद केलं, दुपारी दुसरं, आणि उजवी बाजू तिची ती चालत राहिली.

घशातली नळी निघाल्यावर मी आर्याला पहिली गोष्ट मॉरीनची विचारली. आर्या म्हणाली, "आजी, आधी तू बरा हो." मी म्हटलं, मला गाळून सांगू नकोस. मग तिनं सांगितलं.

या देशातल्या डॉक्टरांचे, नर्सेसचे मी उपकार मानते. कुणी माझ्याकडे एक पैसा मागितला नाही आणि कुणी माझं वय काढलं नाही. रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर आहे. जिना मी न थांबता चढते. कुणाच्या घरी गेले आणि नको असलं की नको म्हणते, आणि का ते सांगते.

माझं वाचून कुणी असं समजू नये की पथ्य मोडलं तरी चालतं. आणि पथ्य पाळलं की सगळं मिळतं असंही समजू नये. मॉरीननं एक घोट जास्त घेतला नव्हता. तिच्या नळ्या स्वच्छ झाल्या होत्या, पण ऑपरेशननंतर तिच्या हृदयाच्या उजव्या बाजूनं टिकाव धरला नाही. माझ्या बाजूनं धरला. मॉरीन गेली. मी वाचले.